‘दोन वर्षं वाळलेलं’ सरपण: सात महिने आणि तीन विक्रेत्यांनंतरचा अनुभव

आधी एक तक्रार मागे घेते. थंडीच्या सुरुवातीला मी आमच्या लाकडाच्या, काचेचं दार असलेल्या शेगडीला भेटेल त्याच्यापाशी नावं ठेवत होते. आग धरत नाही, काच संध्याकाळपर्यंत काळी होते, दार उघडलं की धूर खोलीत येतो. दार घट्ट बसावं म्हणून कडेला असते ती दोरी बदलून घेतली, हवेची झडप तपासून घेतली, माणूस दोनदा येऊन गेला. शेगडीत काहीही बिघाड नव्हता. बिघाड लाकडात होता, आणि तो ओळखायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत सासूबाईंचा खोकला वाढला, याचा मला अजूनही राग येतो. त्यांची खोली शेगडीला लागून आहे.

ओळखलं तेही त्यांनीच. एका संध्याकाळी त्या शेगडीसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, हे लाकूड रडतंय बघ.” मी वाकून पाहिलं. काचेमागे एका ढलपीच्या, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या, कापलेल्या टोकातून पाणी झिरपत होतं, त्याला बारीक फेस आला होता आणि बारीक फुसफुस ऐकू येत होती. वर ज्योत होती, पण पिवळी, आळसावलेली. साल करपत होती आणि आतलं लाकूड तसंच. ज्या लाकडासाठी मी ‘खडखडीत वाळलेलं’ म्हणून पैसे मोजले होते, ते ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन पिनांचा मॉइश्चर मीटर आणला, लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारा. ढलपीच्या बाहेरच्या अंगाला टोचला, आकडा आला १८, म्हणजे जळणाला हव्या त्या वीसच्या आत. क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं. मग तीच ढलपी कुऱ्हाडीने मधोमध फोडली आणि नव्या, ताज्या अंगावर रेषांच्या दिशेने पिना दाबल्या. ४२! मीटर ३० च्या पुढे नेमकं बोलत नाही, त्यामुळे ४२ म्हणजे ‘चांगलंच ओलं’ इतकंच समजायचं. पण बाहेर १८ आणि आत ४२ हे एकाच लाकडाचे आकडे होते.

विक्रेत्याला फोन केला. तो ठामपणे म्हणाला, “दोन वर्षं झाली ताई झाड पाडून.” मी विचारलं, फोडलं कधी? तो म्हणाला, “मागच्या महिन्यात. गिऱ्हाईक आलं की फोडतो आम्ही.”

या उत्तरावर मी गेले सात महिने अडून आहे, आणि सरपण घेणाऱ्या प्रत्येकाने अडून राहावं असं माझं मत आहे. झाड पाडल्याची तारीख जवळजवळ निरुपयोगी आहे. लाकडातलं पाणी मुख्यतः रेषांच्या दिशेने, कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं. आडव्या दिशेने ते फार हळू सरकतं आणि साल तर त्याला कोंडूनच धरते. लांबलचक ओंडका दोन वर्षं पडून राहिला तर टोकं वाळतात, टोकांना छान भेगा पडतात आणि गाभा ओलाच राहतो. शेगडीच्या मापाला कापून, फोडून, वारा खेळेल असं रचलं की खरं वाळणं सुरू होतं. म्हणून ‘किती वर्षांचं?’ असं विचारूच नका. ‘फोडून किती महिने झाले?’ असं विचारा आणि समोरचा अडखळतो का ते बघा.

भेगांवरून ओळखा, दोन ढलप्या एकमेकींवर आपटून आवाज ऐका, असं सगळे सांगतात. मीही तेच केलं होतं. भेगा होत्या. आवाज बरा वाटला, कारण आजूबाजूला गाडीचा गोंगाट होता. ओकसारख्या दाट लाकडाला काही आठवड्यांत टोकाला भेगा पडतात आणि गाभा वाळायला दोन उन्हाळेही लागू शकतात. तेव्हा भेगा बघून लाकूड घेणं मी सोडून दिलं आहे.

आता पैशांचं, कारण सगळ्यात जास्त मला ते टोचलं. हा माल मी वजनावर घेतला होता, एक टन. नंतर त्यातला ९५० ग्रॅमचा तुकडा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला. राहिले ६०८ ग्रॅम. म्हणजे एकूण वजनातलं ३६ टक्के पाणी. टनाच्या हिशेबात ३६० किलो पाणी आणि ६४० किलो लाकूड. हेच लाकूड २० टक्क्यांपर्यंत वाळलेलं असतं तर त्याचं वजन ८०० किलो भरलं असतं. २०० किलो पाणी मी लाकडाच्या भावाने विकत घेतलं, उतरवून घेतलं आणि पाठ मोडेपर्यंत रचलं. ओल्या मालावर वजनाने विकणाऱ्याचा फायदा आणि घेणाऱ्याचं नुकसान ठरलेलंच. त्यानंतर मी फक्त रचलेल्या घनमीटरवर घेते. ‘रचलेल्या’ हा शब्दही पक्का करून घ्यावा लागतो, कारण गाडीत नुसतं ओतलेलं लाकूड रचलं की ढीग बराच खाली बसतो.

पाण्याची वाफ करायला उष्णता जाते म्हणून ओलं लाकूड तापत नाही, असं मी समजत होते. हिशेब केला तेव्हा चित्र वेगळं निघालं. एका भरणीत पाच किलो ढलप्या धरल्या तर ३६ टक्क्यांनी त्यात १.८ लिटर पाणी. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात, आणि एक किलो कोरडं लाकूड साधारण १८ मेगाज्यूल देतं. म्हणजे वाफेत जाणारी उष्णता एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. खरं नुकसान वेगळंच आहे. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंमध्ये असते आणि ते वायू पेटायला शेगडी आतून चांगली तापलेली असावी लागते. पाणी ती तापूच देत नाही. मग न जळलेले वायू धूर होऊन धुराड्यात जातात. आपण विकत घेतलेली ऊबच काळी होऊन वर निघून जाते.

आणि सगळी वर जातही नाही. धुराड्याचं आतलं अंग साधारण १२० अंशांच्या खाली राहिलं की ती वाफ आणि धूर तिथेच थिजतात. पाच आठवड्यांनी धुराडं साफ करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी आतून खरवडलेला एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. नेहमीची काजळी बोटाने पुसली जाते. हा काळा, चकचकीत, डांबरासारखा थर होता, नखाने टवका निघत नव्हता. काकांचा ब्रश त्याच्यावरून नुसता घसरत होता. तो पेट घेतो आणि धुराड्याच्या आत १००० अंशांच्या वर आग जाऊ शकते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या रात्री मी शेगडी पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बसवून घेतला, आणि लाकडाची शेगडी असलेल्या घरात तो आधीच असायला हवा होता.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचं तर त्यातला ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा लागतो, आणि त्याहून मोठ्या मापात विकलं तर ते कसं वाळवायचं याची सूचना सोबत द्यावी लागते. असा नियम सगळीकडे हवा. पहिल्या विक्रेत्याने माल परत घेतला नाही.

दुसरा विक्रेता भट्टीत वाळवलेलं लाकूड देणारा. त्याच्याबद्दल थोडक्यात. फोडून मोजलं तर १२. काडी लावली की धरायचं, काच आठवडाभर स्वच्छ. महिनाभर मी त्याचं कौतुक करत होते. पण आमच्या शेगडीत ते भराभरा जळून जायचं, रात्री निखारे टिकत नसत, आणि भाव इतका की प्रत्येक ढलपी टाकताना हात थांबायचा. आता पेटवणीपुरतं एक पोतं ठेवते. माल उत्तम आहे, रोजच्या खर्चाला परवडत नाही, एवढंच.

तिसऱ्या विक्रेत्याशी माझं भांडण झालं, आणि त्या भांडणात चूक माझी होती, हे इथे नीट लिहायचं आहे. मी गेले तेव्हा त्याच्याकडे प्रत्येक चळतीवर खडूने तारीख लिहिलेली होती, फोडल्याची. मी मधल्या थरातली ढलपी मागितली. त्याने काही न बोलता तीन ढलप्या काढल्या, स्वतःच फोडल्या आणि म्हणाला, “मोजा.” तिन्हींचा आकडा २३ ते २५. मी म्हटलं, २० च्या आत पाहिजे, हे ओलं आहे. तो म्हणाला, “ताई, तुमचा मीटर कोरड्या वजनावर बोलतो. जळणाचा आकडा एकूण वजनावर काढतात.” मला ती पळवाट वाटली. पहिल्यानेही मला असंच शब्दांत गुंडाळलं होतं. मी नको ते बोलले, तुम्ही सगळे सारखेच, असंही म्हणाले. तो चिडला नाही. मधली ढलपी माझ्या हातात देऊन म्हणाला, “घरी नेऊन तपासा.”

ओव्हनची परीक्षा मी पहिल्यांदा केली ती त्या ढलपीवर, त्याला खोटं ठरवायला. तिचा तुकडा ८१२ ग्रॅम होता. ६५५ वर वजन थांबलं. पाणी निघालं १५७ ग्रॅम. ६५५ ने भागलं तर २४ टक्के, म्हणजे मीटरचा आकडा बरोबर. ८१२ ने भागलं तर १९.३ टक्के, म्हणजे विक्रेताही बरोबर. सुताराचा मीटर पाण्याची तुलना कोरड्या लाकडाशी करतो, जळणाची मोजणी एकूण वजनाशी होते. मीटरवर २५ म्हणजे जळणाच्या हिशेबात २०. हे मीटरच्या डबीवर कुठेही लिहिलेलं नाही.

मी त्याला फोन करून माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, “मग उद्या गाडी पाठवू का?”

तेव्हापासून त्याच्याकडूनच घेते. गाडी येते तेव्हा दोन-तीन ढलप्या मी आजही फोडून मोजते, आणि तो थांबतो, घाई करत नाही. ओकची एक चळत मला फार आवडली होती, जाड, सरळ, देखणी. त्याने ती यंदा द्यायला नकार दिला. म्हणाला, “ही पुढच्या वर्षीची. घ्यायची तर आत्ता घेऊन रचून ठेवा, जाळू नका.” विकायला बसलेला माणूस स्वतःच्या मालाबद्दल असं सांगतो, याचं मला मनापासून समाधान वाटलं. त्याचं एक वागणं पटत नाही. तो पावसात चळती ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळतो. एकदा तशा चळतीतल्या खालच्या ढलप्यांना पांढरी बुरशी आलेली मिळाली. वरून झाकावं, बाजू उघड्या ठेवाव्यात, हे मी त्याला सांगितलं आहे. दोन चळतींचं ऐकलं, बाकीच्या तशाच.

मीटरबद्दलही माझं मत थोडं बदललं आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेर ठेवलेली ढलपी फोडून मोजली तेव्हा १७ आला, तिचाच दुसरा अर्धा भाग घरात रात्रभर ठेवला, सकाळी फोडून मोजला तर २०. लाकूड गार असलं की मीटर कमी दाखवतो. तेव्हा हिवाळ्यात विक्रेत्याच्या अंगणात मिळालेल्या आकड्यावर लगेच खूश होऊ नका. ढलपी घरात गरम होऊ द्या, मग फोडा, मग मोजा. हे करायला गाडी एक दिवस थांबवावी लागली तर थांबवा. मीटर घ्यावा का, तर नक्की घ्यावा, पण वजनकाटा आणि ओव्हन त्याच्या वरचे आहेत. मी आता प्रत्येक नव्या चळतीतला एक तुकडा तरी वजन करून वाळवते.

थंडीच्या शेवटी काका पुन्हा येऊन गेले. या वेळी निघाली ती कोरडी काजळी, अर्धं टमरेल. सासूबाई त्यांच्या खोलीचं दार आता उघडं ठेवतात.

पहिल्या विक्रेत्याचं साधारण निम्मं लाकूड उरलं होतं. ते मी आणि अहोंनी दोन रविवार बसून आणखी बारीक फोडलं, जमिनीपासून वीतभर वर फळ्यांवर रचलं, वर फक्त पत्रा टाकला आणि पहिल्या ढलपीवर खडूने तारीख लिहिली. काल त्यातला मधला एक तुकडा ओव्हनमध्ये टाकला. एकूण वजनावर २३ टक्के. ते अजून जाळायचं नाही.