मस्टँग मॅक १ : दहा महिने वापरल्यावर, आणि नव्या मस्टँगसाठी थांबायला हवं होतं का?

१४ सप्टेंबर २०२२ला डेट्रॉइटमध्ये फोर्डची सातव्या पिढीची मस्टँग, म्हणजे एस६५०, दाखवली गेली. मॅक १ घ्यायला निघालेल्यांपुढे त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला: जुन्या एस५५०ची, म्हणजे सहाव्या पिढीची, ही खास आवृत्ती आत्ता उचलायची, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं? इथे लिहितोय ते मॅन्युअल गिअरच्या, हँडलिंग पॅकेज (ट्रॅकसाठीचे रुंद टायर वगैरे) नसलेल्या मॅक १बद्दल. दहा महिने, आठेक हजार मैल, सगळे मिशिगनच्या रस्त्यांवर, आणि त्यात चार दिवस ट्रॅकवर. २०२३च्या उन्हाळ्यात नव्या गाड्या शोरूममध्ये येऊ लागल्या, म्हणून हा हिशेब मांडला.

आधी एक गैरसमज दूर करू. अश्वशक्ती बघून यातला निर्णय होत नाही. मॅक १चं ५.० लिटर व्ही-८ इंजिन ४८० अश्वशक्ती देतं. नवी जीटी, म्हणजे व्ही-८वाली साधी मस्टँग, हीही ४८०च देते, आणि अ‍ॅक्टिव्ह एक्झॉस्ट घेतला तर ४८६. डार्क हॉर्सची, म्हणजे नव्या पिढीतल्या ट्रॅकसाठीच्या आवृत्तीची, ५००. रोजच्या वापरात हा फरक पायाला कळत नाही. मॅक १चे जादा पैसे पट्ट्यांसाठी आणि ग्रिलवरच्या गोल दिव्यांच्या नकलेसाठी दिले असं समजणाऱ्याने गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही. ते पैसे गिअरबॉक्ससाठी आहेत आणि गाडी थंड ठेवणाऱ्या भागांसाठी.

गिअरबॉक्सबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण दहा महिन्यांत रोज हाताला जाणवलेली गोष्ट हीच. मॅक १मध्ये जीटी३५०चा (शेल्बी नावाच्या ट्रॅकसाठीच्या मस्टँगचा) ट्रेमेक टीआर-३१६० आहे, साध्या जीटीत गेट्रागचा एमटी-८२. पहिल्या गिअरचं गुणोत्तर दोन्हींत जवळपास सारखं, ३.२५ आणि ३.२४. खरा फरक मधल्या गिअरांत. ट्रेमेकचे दुसरा, तिसरा, चौथा असे आहेत: २.२३, १.६१, १.२४. एमटी-८२चे २.१०, १.४२, १.००. ७,००० आरपीएमला दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं तर ट्रेमेक ५,०५०च्या आसपास उतरतो, एमटी-८२ ४,७३०ला. तिसऱ्यातून चौथ्यात हेच आकडे ५,३९० आणि ४,९३०. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४,६०० आरपीएमला आणि पूर्ण ताकद ७,०००ला मिळते. त्यामुळे जवळजवळच्या गिअरांनी इंजिन सतत वरच्या पट्टीत राहतं, वळणातून बाहेर पडताना गाडी थंडावत नाही.

याची किंमत हायवेवर मोजावी लागते. पाचवा गिअर १.०० आणि सहावा एकदम ०.६३. मागच्या ३.७३ गुणोत्तरासह ७० मैल वेगाला पाचव्यात इंजिन ३,१७० आरपीएमच्या आसपास फिरतं, सहाव्यात २,०००च्या. सहाव्यात शांत, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम नाही. पाचव्यात दम आहे, पण आवाज कानात बसतो. मधली पायरीच नाही. रोज ऐंशी मैल हायवे करणाऱ्याने हे आधी चालवून पाहावं. सकाळी थंड असताना दुसरा गिअर थोडा अडतो. तेल गरम होईपर्यंत, म्हणजे पहिले चार-पाच मैल, हात हळू ठेवायचा, ढकलायचा नाही. खाली गिअर टाकताना इंजिन आपोआप आरपीएम जुळवतं, आणि हे हवं तर बंद करता येतं. ट्विन-डिस्क क्लच हलका आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या सायंकाळच्या गर्दीतही पोटरी भरून येत नाही.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. ऑइल फिल्टरचा अ‍ॅडॉप्टर आणि इंजिन ऑइल कूलर जीटी३५०चे; मागच्या ॲक्सलचा कूलर आणि टो-लिंक (मागच्या चाकांची दिशा धरणारी दांडी) जीटी५०० या दुसऱ्या शेल्बी मस्टँगचे. साधी जीटी ट्रॅकवर नेणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते: तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तापमानाचा काटा चढतो आणि इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. वॉटरफोर्ड हिल्ससारख्या छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर ऐन जुलैत वीस मिनिटांचं पूर्ण सेशन मॅक १ने काटा मधोमध ठेवून काढलं. हेच भाग जीटी घेऊन नंतर बसवायला गेलं तर सुट्या भागांचे पैसे, मजुरी आणि वॉरंटीचे वाद हे सगळं मिळून मॅक १पेक्षा स्वस्त पडत नाही.

ट्रॅकसाठी मात्र गाडी जशी येते तशी न्यायची नाही. पुढचे सहा पिस्टनचे ब्रेम्बो उत्तम आहेत, पण ब्रेक फ्लुइड शोरूमचंच ठेवलं तर दुसऱ्या सेशनला पेडल मऊ पडतं. आणि क्लचही त्याच टाकीतलं फ्लुइड वापरतो. ते तापून त्यात बुडबुडे झाले की क्लचचं पेडल अर्ध्यावर अडकल्यासारखं होतं, आणि माणूस दोष गिअरबॉक्सला देतो. जास्त उत्कलनबिंदूचं डॉट ४ फ्लुइड घालून चारही चाकांना आणि क्लचलाही ब्लीड करायचं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाकायची. नुसते ब्रेक ब्लीड करून उपयोग नाही. चाकांचे नट १५० फूट-पौंडांना, म्हणजे सुमारे २०४ न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने आवळायचे, आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासायचे. टायर तापले की दाब पाच-सहा पीएसआयने चढतो, म्हणून सकाळी तेवढा कमी करून सुरुवात करावी. घरी निघताना पुन्हा दरवाजाच्या पट्टीवरच्या आकड्यावर आणायला विसरू नये.

हँडलिंग पॅकेजबद्दल स्पष्ट मत: ट्रॅक वर्षातून सहा दिवसांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. त्यात पुढे ३०५ आणि मागे ३१५ रुंदीचे पायलट स्पोर्ट कप २ टायर येतात, शिवाय कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलता येणारे पुढचे माउंट आणि मोठा स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी). ट्रॅकवर पकड विलक्षण. पण रस्त्यावरच्या चाकोऱ्या स्टिअरिंग हातातून ओढून नेतात, पावसात उभ्या पाण्यावर गाडी तरंगते, आणि स्प्लिटर प्रत्येक उतारावर घासतो. साध्या मॅक १चे २५५ आणि २७५चे पायलट स्पोर्ट ४एस रोजसाठी कितीतरी शहाणे.

तरी तेही उन्हाळीच टायर आहेत. उणे सात सेल्सियसच्या खाली असा टायर हलवला तर रबराला भेगा पडू शकतात. गॅरेजमधून नुसती मागे घेतली तरी. थंडीत चालवायची असेल तर विंटर टायर १९ इंचांच्या रिमवर बसवणं बरं. बहुतेक १८ इंची रिम या ब्रेम्बो कॅलिपरवर जात नाहीत. स्वस्तातला १८ इंची संच मागवून परत पाठवणारे दर नोव्हेंबरात भेटतात. गाडी उभीच ठेवणार असाल तर टाकी भरून स्टॅबिलायझर घाला, बॅटरीला टेंडर (चार्ज टिकवणारा छोटा चार्जर) लावा, टायरचा दाब थोडा वाढवा. बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यावर एकदा जरी नेली, तरी खालून धुणं टाळू नका.

नव्या गाडीचं जे खरंच चांगलं आहे ते मान्य करायला हवं. १२.४ आणि १३.२ इंचांचे पडदे जुन्या डॅशबोर्डपेक्षा एक पिढी पुढे आहेत, स्टिअरिंग थोडं चपळ झालंय, इंजिनाला दोन थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) मिळाल्यात. ऑटोमॅटिकच घ्यायची असेल, तर मॅक १साठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. नवी जीटी घ्या. पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जवळपास तोच, १०७ इंच, आणि खालचा सांगाडाही बराचसा ओळखीचाच. एसीची बटणं मात्र गेली. हिवाळ्यात हातमोजे घालून काच पुसत तापमान बदलावं लागणं ही प्रगती वाटत नाही. इंजिनाचं ट्यूनिंग करवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण: नवी इलेक्ट्रॉनिक रचना बरीच बंदिस्त आहे.

किमती पाहा. २०२४च्या जीटीची सुरुवात डिलिव्हरी शुल्कासह ४३,०९० डॉलरला, डार्क हॉर्सची ५९,५६५ला होती. मॅक १ २०२१मध्ये सुमारे ५२,९१५ला आली होती. नव्या पिढीत ट्रेमेकचा मॅन्युअल गिअरबॉक्स फक्त डार्क हॉर्सला मिळतो, जीटीला एमटी-८२च. म्हणजे मॅन्युअल आणि ट्रॅक हेच हवं असेल, तर तुलना मॅक १ विरुद्ध जीटी अशी नसून मॅक १ विरुद्ध डार्क हॉर्स अशी आहे, आणि त्या तुलनेत थांबून हातात आलं असतं ते मुख्यतः पडदे आणि २० अश्वशक्ती. थांबलो नाही हे बरंच झालं.

आता वापरलेली मॅक १ शोधणाऱ्यांनी मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरचा सुविधा आणि किमतीचा कागद) मागावा. हँडलिंग पॅकेज आहे असं सांगितलं, तर रिमची रुंदी पाहा: पुढे १०.५, मागे ११ इंच. साध्या गाडीला ९.५ आणि १०. मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. ब्रेक फ्लुइडचा रंग चहासारखा असेल, तर ट्रॅकचा प्रश्न सरळ विचारा. गाडी पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहा, आणि दुसरा गिअर स्वतः टाकून पाहिल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नका.