तुरिसासचे दोन अल्बम: आधी 'द व्हॅरॅन्जियन वे' ऐकावा की 'स्टँड अप अँड फाइट'?

फिनलंडमधील हामेनलिना या गावच्या तुरिसास या बँडने व्हायकिंगांची एकच कथा दोन अल्बममध्ये मांडली: २००७ साली 'द व्हॅरॅन्जियन वे' आणि २०११ साली 'स्टँड अप अँड फाइट'. फोक मेटलकडे, म्हणजे लोकसंगीत आणि हेवी मेटल यांच्या मिश्रणाकडे, नव्याने वळलेल्या श्रोत्याला यांपैकी कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी, असा प्रश्न पडतो. तो रास्तच आहे, कारण दुसरा अल्बम वाद्यमेळाने आणि आकांक्षेने पहिल्यापेक्षा मोठा असूनही, अनेकदा ऐकल्यानंतर, मला तो पहिल्याच्या तुलनेत उणा वाटतो.

ही कथा इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील मठ लुटणाऱ्या व्हायकिंगांची नाही. स्कँडिनेव्हियातून पूर्वेकडे निघून नोव्हगोरोद, कीव्ह आणि निपर नदीच्या मार्गाने काळ्या समुद्रापर्यंत व तेथून बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला), पोहोचणाऱ्या व्हॅरॅन्जियनांची ती कथा आहे. त्या शहराला ते मिकलागार्ड, म्हणजे महानगर, म्हणत. इसवी सन ९८८ च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमीरने बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बॅसिलच्या मदतीला सुमारे ६,००० व्हॅरॅन्जियन योद्धे पाठवले आणि त्यांतूनच पुढे सम्राटाची प्रसिद्ध व्हॅरॅन्जियन पलटण उभी राहिली. पहिला अल्बम शहराच्या वेशीपर्यंतचा प्रवास सांगतो, तर दुसरा वेशीच्या आतले जग दाखवू पाहतो.

पहिल्या अल्बमचे खरे बळ असे की त्यात संगीतच प्रवास करते. दोन नद्यांच्या मधली जमीन ओलांडण्यासाठी हे लोक आपली जहाजे पाण्याबाहेर काढून ओढत नेत असत. 'अ पोर्टेज टू द अननोन' या गाण्यात हे ओढणे केवळ शब्दांत राहत नाही. संथ, जड ठेका आणि त्यावर उठणारा पुरुषांचा समूहस्वर यांमुळे दोराचा ताण कानाला जाणवतो, आणि मुख्य गायकाच्या ओळीला समूह असा धावून येतो की पोवाड्यातील झिलकऱ्यांची आठवण व्हावी. 'इन द कोर्ट ऑफ यारिस्लाइफ' मध्ये कीव्हचा राजा यारोस्लाव याच्या दरबारातील मेजवानी आहे, आणि तेथे व्हायोलिन व अकॉर्डियन इतक्या मोकळेपणाने नाचतात की फोक मेटल म्हणजे काय, हे नवख्याला समजावण्यासाठी हे एकच गाणे पुरेसे व्हावे. त्यानंतर येतात निपरचे खडकाळ, वेगवान प्रवाह. दहाव्या शतकात सम्राट सातव्या कॉन्स्टँटाइनने या धोकादायक टप्प्याचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले होते. विसाव्या शतकात धरण झाल्यावर ते खडक पाण्याखाली गेले. त्यामुळे तो टप्पा आज प्रत्यक्ष पाहणे शक्य नाही, आणि 'द निपर रॅपिड्स' मधील उसळता वेग ऐकताना ही गोष्ट माझ्या मनात हटकून येते. शेवटचे 'मिकलागार्ड ओव्हर्चर' आठ मिनिटांहून मोठे आहे, तरीही ते लांबलेले वाटत नाही, कारण एवढ्या वाटचालीनंतर शहर दृष्टीस पडल्याचा आनंद श्रोत्याच्याही वाट्याला आलेला असतो.

दुसऱ्या अल्बमला नेमका हाच आधार उरत नाही. 'द मार्च ऑफ द व्हॅरॅन्जियन गार्ड' ही सुरुवात दणदणीत आहे आणि तिचे धृपद एकदा ऐकले की दिवसभर डोक्यातून जात नाही. पुढे मात्र प्रत्येक गाणे वेगळ्या दिशेला जाते: एकात समुद्री चाच्यांचा पाठलाग, दुसऱ्यात रथशर्यतींतील निळ्या आणि हिरव्या पक्षांची चुरस, आणि शीर्षकगीतात तर कोणत्याही काळातील कोणालाही लागू पडेल असे सर्वसाधारण आवाहन. रथशर्यतींचा विषय निवडण्यात कल्पकता आहे. याच दोन पक्षांच्या समर्थकांनी ५३२ साली एकत्र येऊन उठाव केला आणि त्यात शहराचा मोठा भाग जळाला होता. परंतु त्या गर्दीत आपला उत्तरेकडून आलेला शिपाई कोठे बसला आहे आणि त्याला काय वाटते आहे, हे समजत नाही. याच शहरातील हागिया सोफिया या मूळच्या चर्चच्या सज्जातील संगमरवरावर हाल्फदान नावाच्या कोणा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, माणसाने रूण लिपीत आपले नाव कोरलेले आहे. घरापासून इतक्या दूर, परक्या भव्यतेत उभा असलेला असा एक माणूस या अल्बमच्या मध्यभागी असता, तर या सर्व वैभवाला अर्थ आला असता.

ध्वनीच्या बाबतीतही फरक पडतो. दुसऱ्या अल्बममध्ये पितळी वाद्ये आणि कोरस इतके पुढे येतात की गिटार मागे राहते, आणि ज्या व्हायोलिन-अकॉर्डियनच्या जोडीमुळे या बँडची ओळख झाली, ती जोडी बऱ्याच ठिकाणी शोधावी लागते. कर्कश, गुरगुरणारे गायनही कमी झाले आहे. ज्यांना ते मुळीच सोसत नाही आणि चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखी भव्यता ज्यांना भावते, त्यांना हा बदल सुखावह वाटेल, हे मान्य करायला हवे. 'एंड ऑफ ॲन एम्पायर' मध्ये तर या नव्या शैलीचे चीज झाले आहे. उलट, पहिल्या अल्बमचे इंग्रजी शब्द काही ठिकाणी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकासारखे सपाट आहेत आणि 'कर्स्ड बी आयर्न' मधील आक्रमकता नवख्याला दचकवू शकते.

म्हणून ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्यांनी 'द व्हॅरॅन्जियन वे' घ्यावा. त्यात आठच गाणी आहेत आणि पाऊण तासाच्या आत तो पूर्ण होतो; मात्र तो क्रमानेच ऐकावा, आणि शक्य झाल्यास नोव्हगोरोदपासून इस्तंबूलपर्यंतचा नकाशा समोर ठेवावा. तो आवडला तर काही दिवसांनी 'स्टँड अप अँड फाइट' मधील पहिले गाणे, रथशर्यतींचे गाणे आणि 'एंड ऑफ ॲन एम्पायर' एवढी तीन ऐकून पाहावीत, आणि मगच तो अल्बम विकत घ्यायचा की नाही ते ठरवावे.