दाखवला एक, बसवला दुसरा: होम थिएटरच्या खरेदीत झालेली फसवणूक

घरात होम थिएटर बसवून देणाऱ्या इंदूरमधल्या एका दुकानाने आमची फसवणूक केली, ती बनावट माल गळ्यात मारून नव्हे. टीव्ही चालतो, अ‍ॅम्प्लिफायर वाजतो, स्पीकरमधून आवाज येतो. मात्र दुकानात जे दाखवले, ज्याचा भाव ठरला आणि ज्यासाठी इसार घेतला, त्यातली एकही मोठी वस्तू घरी आली नाही. आणि जे आले ते बिलावरच्या शब्दांत चपखल बसत होते. अशा खरेदीच्या तयारीत असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे व कंपन्यांचे नाव देत नाही, कारण प्रकरण अद्याप जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सोळा फूट लांब व बारा फूट रुंद अशी एक खोली रिकामी होती. तिथे 65 इंची टीव्ही, पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा वेगळा स्पीकर, बसवावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना चित्रपट आणि सामने एकत्र बसून पाहता येतील, असा बेत होता. महाराणी रोड आणि जेल रोडवरच्या दुकानांतून सुट्या वस्तूंचे भाव काढून झाले होते, परंतु भिंतीतल्या वायरिंगसकट सगळे काम एकाच हातून व्हावे, या विचाराने 2025 च्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही या दुकानात गेलो. आमचे आडनाव ऐकताच तिथला विक्रेता मराठीत बोलू लागला. त्याचे आजोळ रामबागेतले निघाले, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या गोष्टी निघाल्या, आणि "काका, तुम्ही आपली माणसं, तुमच्याकडून मी जास्त घेईन का?" हे वाक्य बोलण्यात वरचेवर येऊ लागले. इंदूरच्या मराठी घरांत हा सूर किती लवकर मुरतो, हे त्याला नेमके ठाऊक असावे.

दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत जो टीव्ही त्याने दाखवला, तो मिनी एलईडी प्रकारचा होता. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तो मागून द्यावा लागतो. साध्या टीव्हीत हा उजेड सगळ्या पडद्यामागे सरसकट कमी-जास्त होतो, तर मिनी एलईडीसारख्या चांगल्या टीव्हीत त्याचे शेकडो लहान भाग पाडलेले असतात आणि चित्रात जिथे काळोख असेल तिथलाच उजेड मंदावतो. त्यामुळे रात्रीच्या दृश्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो. दाखवलेल्या टीव्हीचे पॅनेल 120 हर्ट्झचे होते, म्हणजे चित्र सेकंदाला 120 वेळा बदलते आणि क्रिकेटचा चेंडू किंवा धावता खेळाडू त्यावर कमी फरपटतो. मागच्या एका एचडीएमआय खाचेवर ईएआरसी असे छापलेले होते; या सोयीमुळे टीव्हीला जोडलेल्या प्लेअरचा आवाज न छाटता पुरत्या दर्जाने अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जातो. हे सारे विक्रेत्याने स्वतःहून आणि अगदी बरोबर समजावून सांगितले. त्याला त्याच्या विषयाचे ज्ञान नव्हते, असे मी म्हणणार नाही.

घरी आलेला टीव्हीही त्याच कंपनीचा, 65 इंचांचाच आणि क्यूएलईडीच होता. फसवणुकीची सगळी जागा या शेवटच्या नावात आहे. क्यूएलईडी हे नाव पडद्यातल्या क्वांटम डॉटच्या थरामुळे पडले आहे; त्या थराने रंग अधिक शुद्ध दिसतात हे खरे, पण मागचा उजेड कसा दिला आहे आणि पॅनेल किती हर्ट्झचे आहे, याविषयी ते नाव काहीच सांगत नाही. त्यामुळे महागडा मिनी एलईडी आणि त्याहून कितीतरी स्वस्त साधा टीव्ही, दोघांनाही हे नाव लावता येते. महेश्वरी साडी दाखवून तशाच काठाची मिलची साडी घडी घालून द्यावी, तसा हा प्रकार होता. बिलावर लिहिले होते: "65 इंच 4के क्यूएलईडी स्मार्ट टीव्ही, 1 नग." मॉडेल क्रमांकाचा रकाना रिकामा होता.

बिल मिळवणे हेही सोपे गेले नाही. आधी त्याने एस्टिमेटच्या चिठ्ठीवर सगळे उरकण्याचा प्रयत्न केला आणि पक्के बिल घेतले नाही तर टीव्हीवरचा 28 टक्के कर वाचेल असे सुचवले. मोठ्या टीव्हीवरचा वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला होता. म्हणजे जो कर अस्तित्वातच नव्हता, त्याची सूट तो देऊ करत होता. आम्ही अडून बसल्यावर बिल मिळाले. त्यावर अ‍ॅम्प्लिफायरच्या जागी "एव्ही रिसीव्हर 7.2, 1 नग", पुढे "5.1 स्पीकर संच, 1000 वॅट", आणि त्याखाली "कॉपर स्पीकर वायर" व मीटरचा आकडा एवढेच होते. करक्रमांक मात्र खरा निघाला. मध्य प्रदेशातल्या दुकानाचा पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक 23 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचे नोंदणीकृत नाव दिसते. एवढी खात्री कोणालाही घरबसल्या करता येते, पण तिने आम्ही वाचलो नाही, हेही खरे.

माल बसवायला आलेली माणसे चटपटीत होती. त्यांनी सगळी खोकी स्वतःच फोडली, संध्याकाळपर्यंत जोडणी केली आणि जाताना, "कचरा आम्ही घेऊन जातो, काकू, तुम्हाला कशाला त्रास," असे म्हणून थर्माकोलसकट सगळी रिकामी खोकी टेम्पोत घातली. ही सेवा वाटते, म्हणूनच तिच्याविषयी मुद्दाम लिहितो. पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना व वर्ष, आणि माल परदेशातला असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता, हे सगळे खोक्यावर छापलेले असते. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे किंमत, तारीख आणि आयातदाराचे नाव यांची छपाई सक्तीचीच आहे. खोके गेले की ग्राहकाकडे उरते ते बिल, आणि बिल तर त्यांनीच लिहिलेले असते.

दिवाळीला पुण्याहून मुलगी आणि जावई आले. रात्री दिवे मालवून चित्रपट लावला, तेव्हा चित्राच्या वर-खाली येणारे काळे पट्टे धुरकट राखाडी दिसत होते आणि अक्षरपट्टी उमटली की सगळा पडदाच किंचित उजळत होता. जावयांनी टीव्हीमागे हात घालून मोबाइलच्या उजेडात एचडीएमआयच्या खाचा पाहिल्या. तिथे नुसते एआरसी छापलेले होते. आधीचे ई हे अक्षर नव्हते. मग सेटिंगमध्ये टीव्हीविषयीच्या माहितीच्या पानावर मॉडेल क्रमांक पाहिला. सुदैवाने आमच्या सौभाग्यवतींनी दुकानात, कपाटात टीव्ही मावेल का हे सुताराला दाखवण्यासाठी, एक छायाचित्र काढले होते आणि त्यात टीव्हीखालचे किमतीचे कार्ड स्पष्ट आले होते. दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहून पाहिले. सुरुवातीची अक्षरे आणि 65 हा आकडा सारखा, शेवटची अक्षरे वेगळी. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून अनुक्रमांक सांगितला, तेव्हा तो खालच्या श्रेणीतल्या मॉडेलचा असल्याचे त्यांनी तत्काळ सांगितले आणि मागितल्यावर ई-मेलनेही कळवले.

त्यानंतर एकेक वस्तू तपासणे ओघाने आलेच. अ‍ॅम्प्लिफायरच्या कपाटातून बारीक घूं असा आवाज पहिल्यापासून येत होता आणि "नवीन आहे, बसेल" असे उत्तर मिळाले होते. कपाट पुढे ओढल्यावर मागे विटेएवढा, हाताला चांगलाच गरम लागणारा एक ट्रान्सफॉर्मर सापडला. अ‍ॅम्प्लिफायरचा दोन चपट्या पिनांचा प्लग त्यात खोचलेला होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरच्या पट्टीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असे छापलेले होते. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची वीज येते. म्हणजे हा माल अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला आणि अधिकृत आयातदाराला वगळून इकडे आणलेला होता. तो वाईट असतो असे नाही. परंतु कंपनीची हमी विकल्या गेलेल्या देशापुरती असल्यामुळे इंदूरच्या सेवा केंद्राने तो दुरुस्तीला घेण्यास सरळ नकार दिला, आणि आमच्याकडून पैसे मात्र भारतीय हमी असलेल्या मालाचे घेतले गेले होते. अ‍ॅम्प्लिफायर घेताना पाठीवरची ही पट्टी दुकानातच वाचावी; वाचायला क्षणभर पुरतो.

स्पीकरच्या वॅटचा प्रकार जुनाच आहे, फक्त आता तो पीएमपीओ हे नाव न घेता चालतो. पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा, आणि तो काढण्याची कोणतीही एकमान्य रीत नसल्यामुळे वाटेल तो छापता येतो. उपयोगाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. आमच्या पाच स्पीकरांवर प्रत्येकी 50 वॅट लिहिलेले होते, आणि तेही स्पीकर किती सोसू शकतो त्याचे माप आहे, किती निर्माण करतो त्याचे नव्हे. सबवूफर स्वतः विजेवर चालतो. त्याच्या मागच्या पट्टीवर वीजवापर 90 वॅट होता. जे यंत्र भिंतीतून 90 वॅट घेते ते त्याहून अधिक आवाजाची शक्ती सतत देऊ शकत नाही. एवढ्या बेरजेतून 1000 हा आकडा कसा निघतो, हे मी विक्रेत्याला विचारले, तेव्हा "कंपनीच लिहिते" एवढेच उत्तर आले. शिवाय दुकानात कानाला सुखावणारा आवाज कमरेइतक्या उंच स्पीकरांतून ऐकवला होता, आणि संचात आले ते पुस्तकांच्या फळीवर मावणारे. उंच स्पीकर "फक्त ऐकवण्यासाठी" असतात, हे पैसे देऊन झाल्यावर समजले.

वायरचे टोक जावयांनी ब्लेडने हलकेच खरवडले. वर तांब्याचा लालसर रंग आणि आत लख्ख पांढरी तार. तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम ते. इथे अतिशयोक्ती करणार नाही: आमच्या खोलीएवढ्या अंतरात दोन वायरींच्या आवाजातला फरक कानाला कळेलच असे नाही. पण तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, वारंवार वाकवल्यास ते लवकर तुटते, आणि भिंतीत चिणलेली वायर तुटली तर भिंत फोडावी लागते. भाव तर शुद्ध तांब्याचाच लावला होता. "8के" लिहिलेल्या सोनेरी टोकांच्या एचडीएमआय केबलचेही असेच भरमसाट पैसे घेतले होते. प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या वेष्टनावर स्कॅन करून पडताळता येईल असे लेबल असते. आमच्या केबलवर ते नव्हते. केबल महाग असल्याने चित्र अधिक सुरेख होत नाही. संकेत एक तर नीट पोचतो, नाही तर चित्र तुटते.

दुकानात जाऊन हे सगळे मांडले, तेव्हा तोच मराठी विक्रेता हिंदीत बोलू लागला. टीव्हीचे पॅनेल तेच आहे, कंपनीने फक्त नाव बदलले आहे, असे तो म्हणाला. आणि ते टिकेना तेव्हा बिलावर बोट ठेवून, लिहिले आहे तेच दिले आहे, असे म्हणाला. मालकाने बिलाच्या तळाशी छापलेली "बिका हुआ माल वापस नहीं होगा" ही ओळ दाखवली. अशी ओळ छापल्याने दुकानदाराची सुटका होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील तशीच. तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, आणि मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

आम्ही प्रथम दुकानाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले, त्यासोबत किमतीच्या कार्डाचे छायाचित्र, सेटिंगमधल्या पानाचे छायाचित्र आणि कंपनीचा ई-मेल जोडला. उत्तर आले नाही, म्हणून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाने हालचाल केली आणि दाखवला होता तो टीव्ही आणून दिला. या वेळी खोके आमच्यासमोर फुटले, मॉडेल व अनुक्रमांक बिलावर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेतला, पडद्यावर निव्वळ काळी पार्श्वभूमी लावून त्यावर एक लहान पांढरा ठिपका फिरवून पाहिला, आणि ठिपक्याभोवतीचा थोडा भाग सोडून बाकीचा पडदा काळाच राहतो हे पाहिल्यावरच पोच दिली. रिकामे खोके माळ्यावर ठेवले आहे.

अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि वायर यांविषयी दुकान हटले नाही, तेव्हा ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. दुकानाने लेखी उत्तर दिले आहे. माल परदेशी असल्याची ग्राहकाला पूर्ण कल्पना होती आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्याच मागणीवरून वेगळा पुरवला, असे त्यात म्हटले आहे. त्यांनीच दिलेल्या बिलात केबलच्या प्लास्टिकच्या क्लिपांपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद आहे, ट्रान्सफॉर्मरची नाही. पुढच्या तारखेला आमच्या वकिलांनी ते बिल मूळ प्रतीसह मागवले आहे.