अटी वाचायची आवड असेल तर: अमेरिकेच्या कायदेसंग्रहाची फुकट सेवा

अमेरिकेचे कायमस्वरूपी केंद्रीय कायदे विषयवार लावून ठेवलेला ‘युनायटेड स्टेट्स कोड’ त्यांच्या संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. पावसाळाभर मी तो वापरला. पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, जाहिराती नाहीत. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात पंचायतीच्या कचेरीत एफडीए, म्हणजे फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट, कारकून होते. हयात अनुदानाच्या आदेशांत गेली: वित्त आयोगाचा हप्ता, त्याच्या अटी, काम झालं की यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामाला लागल्याचं प्रमाणपत्र, आणि यूसी अडकली की पुढचा हप्ता अडकला. भाची बेळगावात एलएलएम करते. परदेशातली अण्वस्त्रं, रासायनिक शस्त्रं मोडायला सरकार पैसे देतं तेव्हा कायदा त्यावर काय अटी घालतो, हा तिचा विषय. म्हणाली, “आत्या, तुझा जन्म अटींत गेला. तूच वाच आणि सांग मला.”

वापरायला सोपं आहे. वर दोन रकाने असतात, एकात शीर्षकाचा, म्हणजे विषयवार खंडाचा, आकडा टाकायचा, दुसऱ्यात कलमाचा. परराष्ट्र व्यवहाराचं शीर्षक 22. त्यात 5852 टाकलं की 24 ऑक्टोबर 1992 च्या ‘फ्रीडम सपोर्ट’ कायद्यातलं पात्रतेचं कलम समोर येतं. सोव्हिएत संघ फुटून झालेल्या देशांना शस्त्रं नष्ट करायला मदत द्यायची, तर तो देश चार गोष्टींना बांधील आहे असं राष्ट्राध्यक्षाने त्या आर्थिक वर्षात संसदेला प्रमाणित करून द्यायचं. देशाने स्वतःचाही भरीव पैसा घालायचा; गरजेपेक्षा जास्त लष्करी आधुनिकीकरण करायचं नाही आणि मोडलेल्या शस्त्रांच्या जागी नवी आणायची नाहीत; मोडलेल्या अण्वस्त्रांतला माल नव्या अण्वस्त्रांत वापरायचा नाही; आणि अमेरिकेला पडताळणी करू द्यायची.

इथं मी थांबले. आमच्याकडे प्रमाणपत्र पैसे घेणारा देतो, तेही खर्च झाल्यावर. इथं पैसे देणाऱ्या सरकारचाच प्रमुख ते देतो, तेही खर्चाआधी, आणि प्रमाणित काय करायचं, तर समोरचा ‘बांधील’ आहे! दोरी रशियाच्या गळ्यात दिसते, पण तिचं टोक राष्ट्राध्यक्षाच्या हाताला बांधलेलं आहे. भाचीला म्हटलं, तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण हेच.

संग्रहाची खरी किंमत कलमाखालच्या टिपांत आहे. कोणता कायदा, किती तारखेचा, कधी बदलला, कधी रद्द झाला, सगळं तिथं असतं. सॅम नन आणि रिचर्ड लुगार या दोन सिनेटरांनी पुढे नेलेला 12 डिसेंबर 1991 चा मूळ कायदा, ज्याने संरक्षण खात्याच्या पैशातून 40 कोटी डॉलरपर्यंत रक्कम या कामाला वळवली, तो सुरुवातीला स्वतंत्र कलम म्हणून लावलेलाच नव्हता. कलम 2551 खालच्या टिपेत घातला होता. टिपा न वाचणाऱ्याला तो सापडला नसता. त्यात अटी सहा होत्या. वरच्यांसारख्या तर होत्याच, शिवाय शस्त्रनियंत्रण करार पाळणे आणि अल्पसंख्याकांच्या संरक्षणासह मानवी हक्क पाळणे. शस्त्रं मोडायच्या अनुदानात अल्पसंख्याकांचं संरक्षण! सीमाभागात मराठीतून कागद मागत म्हातारी झालेली मी, ती ओळ परत वाचली. वर्षभराने आलेल्या 5852 मध्ये ती नाही.

पुढची गोष्ट टिपांच्या आधाराने शोधत गेलं की उलगडते. 2002 मध्ये बुश सरकारला रशियाबद्दल प्रमाणपत्र देणं जमेना, नवी कामं थांबली. मग संसदेने अट तशीच ठेवून ती माफ करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला, आधी थोड्या काळापुरता, नंतर तीन वर्षांसाठी. रशियात शुचये इथल्या रासायनिक शस्त्रं नष्ट करायच्या कारखान्याला तर वेगळ्या सहा अटी होत्या. साठ्याची पूर्ण आणि खरी माहिती द्या, रशियाने वर्षाला किमान अडीच कोटी डॉलर घाला, व्होल्गोग्राद आणि नोवोचेबोक्सार्स्कचे उत्पादन कारखाने मोडा किंवा दुसऱ्या कामाला लावा, असं बरंच. 3 ऑगस्ट 2007 च्या कायद्याने 1991 च्या कायद्यातल्या, याच कार्यक्रमाच्या 1993 च्या कायद्यातल्या आणि शुचयेच्या अटी काढून टाकल्या. डिसेंबर 2014 मध्ये संरक्षण खात्याचा सगळा कार्यक्रम शीर्षक 50 मध्ये, कलम 3701 पासून, नव्याने मांडला. शीर्षक 22 मधल्या जुन्या जागी गेलात तर ‘रद्द’ एवढंच दिसतं, म्हणून जुन्या वर्षांच्या आवृत्त्या उघडायला शिका. त्याही तिथंच आहेत.

आता कापलेला तारा. या संग्रहात अट सापडते, पैशाचं काय झालं ते सापडत नाही. क्रास्नोयार्स्कजवळ क्षेपणास्त्रांचं द्रवइंधन नष्ट करायला अमेरिकेने सुमारे 10 कोटी डॉलर घालून कारखाना उभारला. 2002 मध्ये कळलं, ते इंधन रशियाने अवकाशात रॉकेट सोडायला कधीच वापरून टाकलंय. पाण्याची टाकी बांधून झाल्यावर विहीर आटलेली कळावी, तसं. अशा टाक्या मी फायलीत पाहिल्यात. 1991 च्या सहा अटींपैकी एकही इथं उपयोगी पडली नाही, कारण इंधन अजून टाकीत आहे का, हे विचारणारी अट नव्हतीच. वोटकिन्स्कलाही क्षेपणास्त्रांतली घन इंधनाची मोटर जाळायच्या कारखान्याच्या तयारीवर जवळपास तेवढेच पैसे गेले आणि कारखाना झालाच नाही. त्यानंतर संसदेने मोठ्या कामांवर जागेवर माणूस ठेवायची आणि परवाने आधी मिळवायची सक्ती केली. माझ्या मते ही दोन कलमं आधीच्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा कामाची. पण ती का आली हे कलम वाचून कळत नाही. त्यासाठी तपासणी अहवाल शोधावे लागतात, ते दुसरीकडे.

आणखी एक. परराष्ट्र खात्याचा अण्वस्त्रप्रसारबंदी आणि निःशस्त्रीकरण निधी 5854 मध्ये आहे. ते वाचून निधी कळला असं समजू नका. खरी मेख वार्षिक खर्चाच्या कायद्यांत असते: इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी हा निधी वापरता येईल, मात्र आधी संसदेच्या समित्यांशी सल्लामसलत आणि त्यांना सूचना हवी. असे वर्षापुरते कायदे या संग्रहात सहसा घेत नाहीत. ते संसदेच्या दुसऱ्या संकेतस्थळावर वर्षवार काढावे लागतात. दोन्ही खिडक्या शेजारी उघडून बसा.

मोबाइलवर वाचू नका, टिपांची अक्षरं फार बारीक दिसतात. पीडीएफ उतरवून छापून घेतली तर बरं. मी गल्लीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे दिली, त्याने पाठपोट छापताना टिपांची पानं वगळली. वर विचारतो, “हे कुठल्या देशाचं ओ, बाई?” सगळी पानं परत काढून घेतली.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वापरावं. तालुक्याच्या कचेरीत नवीन लागलेल्या एसडीएंनीही (सेकंड डिव्हिजन असिस्टंट) एकदा 5852 वाचून बघा, इंग्रजी सोपं आहे. मात्र न्यायालयात दाखवायचं असेल तर हे लक्षात ठेवा: शीर्षक 22 आणि 50 ही संकलित रूपं आहेत, मूळ कायदा म्हणून मंजूर झालेली नाहीत. शब्दावरून वाद झाला तर संसदेने पास केलेला मूळ मजकूरच धरतात. त्याचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक कलमाच्या शेवटी कंसात दिलेली असते, तिथून पुढे जा.