सांगलीत मागवलेला हर्लिंगचा संच आणि टेडी मॅकार्थीचे चौदा दिवस

गेल्या जूनमध्ये मी सांगलीतील एका क्रीडासाहित्य विक्रेत्यामार्फत आयर्लंडहून हर्लिंगचे, म्हणजे तेथील काठी-चेंडूच्या पारंपरिक खेळाचे, साहित्य मागवले. संचात दोन हर्ली, म्हणजे हर्लिंग खेळण्याच्या काठ्या, चार चेंडू आणि गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हात व पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश फुटबॉलचा, एक चेंडू होता. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून सगळा खर्च २२,००० रुपयांच्या घरात गेला आणि शाळेच्या निधीला हात न लावता तो मी स्वतः केला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे साहित्य आमच्या मैदानावर जवळजवळ रोज वापरात होते, त्यामुळे त्याचे गुणदोष आता खात्रीने सांगता येतील. मात्र असे साहित्य सांगलीसारख्या गावात मागवावेसेच का वाटले, हे आधी सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील.

माझ्या शाळेत आठवीत शिकणारी एक मुलगी खो-खो आणि कबड्डी हे दोन्ही खेळ सारख्याच तयारीने खेळते. गेल्या वर्षी दोन्ही खेळांच्या शालेय स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या, तेव्हा घरच्यांनी, सहकाऱ्यांनी आणि खरे सांगायचे तर मीही तिला एकच खेळ निवडायला सांगितले. तिने कबड्डी सोडली आणि पुढचे दोन महिने ती सरावाला मान खाली घालून येत राहिली. आपण चुकीचा सल्ला दिला की काय, ही रुखरुख लागलेली असतानाच दोन खेळांत राज्यपातळीच्या तोडीची कामगिरी करणारे खेळाडू कुठे झाले आहेत, याचा मी शोध घेऊ लागले आणि आयर्लंडमधील कॉर्क काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टेडी मॅकार्थीपाशी येऊन थांबले.

आयर्लंडमध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे दोन्ही खेळ १८८४ मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनच्या छत्राखाली खेळले जातात. मैदान एकच, इंग्रजी एच अक्षरासारखे गोलखांब तेच आणि दोन्हीकडे खेळाडूही पंधराच. आडव्या दांड्याखालून चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून खांबांच्या मधून गेला की एक गुण; फुटबॉलमध्ये २०२५ पासून लांबून मारलेल्या अशा चेंडूला दोन गुण मिळतात. म्हणूनच ५-१५ अशी धावसंख्या दिसली की तिचा अर्थ पाच गोल आणि पंधरा गुण, म्हणजे एकूण ३० असा घ्यायचा. खेळाडूंना पगार नसतो. आठवडाभर नोकरी किंवा शेती सांभाळून संध्याकाळी सराव करणारी ही माणसे रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८०,००० प्रेक्षकांसमोर उतरतात, हे वाचताना आपल्याकडच्या तालमी आणि कबड्डी मंडळे डोळ्यांसमोर येतात.

मॅकार्थी ग्लॅनमायर गावचा. हर्लिंग सार्सफील्ड्स क्लबकडून आणि फुटबॉल ग्लॅनमायरकडून खेळणारा. कॉर्कच्या वरिष्ठ हर्लिंग संघातून त्याचा चॅम्पियनशिपमधला पहिला सामना हा थेट १९८६ चा अखिल आयर्लंड अंतिम सामना होता. त्या दिवशी कॉर्कने गॅलवे काउंटीच्या संघाला ४-१३ विरुद्ध २-१५ असे, म्हणजे २५ विरुद्ध २१ गुणांनी हरवले. फुटबॉलमध्ये मात्र कॉर्कच्या वाट्याला आधी कडू घास आले. १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन वर्षे अंतिम सामन्यात मीथकडून हार पत्करल्यावर १९८९ मध्ये मेयोला हरवून त्यांनी करंडक मिळवला.

मग १९९० चा सप्टेंबर आला. २ तारखेला हर्लिंगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला गॅलवे पुढे होता, तरीही कॉर्कने ५-१५ विरुद्ध २-२१ असा तीन गुणांनी विजय खेचून आणला. त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्याच क्रोक पार्कवर कॉर्कच्या फुटबॉल संघाने मीथला ०-११ विरुद्ध ०-९ असे नमवले, तेही पूर्वार्धातच एक खेळाडू बाहेर काढला गेल्यामुळे चौदा जणांनिशी खेळून. कॉर्कने असा दुहेरी मान याआधी १८९० मध्ये मिळवला होता, म्हणजे शंभर वर्षे मध्ये गेली होती. दोन्ही अंतिम सामन्यांत प्रत्यक्ष मैदानात खेळून एकाच वर्षी दोन्ही पदके मिळवणारा टेडी मॅकार्थी हा पहिला खेळाडू ठरला आणि आजवर दुसऱ्या कोणालाही ते जमलेले नाही. जून २०२३ मध्ये तो गेला.

या चौदा दिवसांचा विचार मी क्रीडाशिक्षिका म्हणून वारंवार करते. पहिल्या सामन्याचा थकवा, हातापायांवरचे मुके मार आणि विजयाच्या मिरवणुका यांतून बाहेर पडून त्याला हातातील काठी ठेवून मोठ्या चेंडूकडे वळायचे होते, आणि हे दोन चेंडू हाताला किती वेगळे लागतात हे पुस्तकातून कळण्यासारखे नाही. ते मुलांच्या हातांना कळावे, एवढ्यासाठी मी हा संच मागवला.

हर्लीबद्दल प्रथम लिहिते, कारण संचातील सर्वात मोलाची वस्तू तीच आहे. ती अॅश नावाच्या झाडाच्या बुंध्यापासून, अगदी मुळाला लागून असलेल्या भागातून काढतात. तेथे लाकडाचे तंतू मुळाच्या वळणाबरोबर वळलेले असतात, म्हणून काठीचे रुंद टोक वळणदार असूनही तंतू कुठे तुटत नाहीत. आमच्याकडे आलेल्या मोठ्या हर्लीवर बोट फिरवले की दांड्यावरून उतरलेल्या रेषा टोकाशी एखाद्या ओढ्यासारख्या वळलेल्या स्पष्ट दिसतात. रुंद टोकाला पत्र्याची पट्टी बसवलेली आहे. विक्रेत्याने कृत्रिम द्रव्याच्या हर्लीचाही पर्याय दिला होता. २०१२ पासून आयर्लंडमधील अॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागल्यामुळे तेथेही असे पर्याय वाढत आहेत. तरी लाकडाची हर्ली घेतल्याचा मला आनंद वाटतो, कारण चेंडू तिच्या मध्यावर बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि आवाजावरूनच फटका कसा बसला ते मुलांना कळते.

चेंडूला तेथे स्लिटर म्हणतात. आत बूच, वर चामडे आणि शिवणीच्या जागी उंच कडा असलेला हा चेंडू आकाराने क्रिकेटच्या चेंडूएवढाच, पण वजनाने ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे त्याच्यापेक्षा जवळजवळ ४० ग्रॅमने हलका आहे. हा फरक आकड्यांत किरकोळ वाटतो. हवेत उडालेला स्लिटर मात्र वाऱ्यावर असा भरकटतो, की क्रिकेटमध्ये डोळे झाकून झेल घेणारी मुले पहिला आठवडाभर नुसती चुकत होती.

सर्वात उद्बोधक प्रकार पकडीबाबत घडला. उजव्या हाताचा क्रिकेटपटू बॅटवर डावा हात वर आणि उजवा खाली ठेवतो. हर्लिंगमध्ये याच्या नेमके उलट आहे, कारण हर्ली एकट्या उजव्या हातात धरून डाव्या हाताने चेंडू झेलायचा असतो, त्यामुळे उजव्या हाताला वरची जागा सोडून चालत नाही. लहानपणापासून गल्लीत क्रिकेट खेळलेल्या मुलांना हे फार जड गेले. ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिने दुसऱ्याच दिवशी मला सांगितले, “बाई, हात सारखा जुन्या जागी पळतोय.” तिसऱ्या आठवड्यात तो पळायचा थांबला, आणि विशेष म्हणजे क्रिकेटची बॅट हातात घेतल्यावर आपोआप जुन्या जागी जाऊ लागला. शरीर दोन सवयी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू शकते, हे तिच्या मनगटांकडे पाहूनच मला पटले.

गेलिक फुटबॉलचा चेंडू घेण्याची शिफारस मात्र मी करणार नाही. तो उत्तम शिवलेला आहे, परंतु त्याचा घेर नेहमीच्या फुटबॉलएवढाच असून वजन ४८० ते ५०० ग्रॅम, म्हणजे थोडेच जास्त आहे. धावताना चेंडू हातातून पायाच्या बोटांवर सोडून पुन्हा हातात घेण्याचे कौशल्य शाळेतल्या साध्या फुटबॉलवरही शिकवता येते. ते पैसे आणखी एका हर्लीवर घालवलेले बरे. दोन्ही खेळ शेजारी ठेवल्यावर एक साम्य मला फार आवडले. हर्लिंगमध्ये आणि पुरुषांच्या गेलिक फुटबॉलमध्येही जमिनीवरचा चेंडू सरळ हाताने उचलता येत नाही. एकीकडे तो काठीच्या टोकाने आणि दुसरीकडे पायाच्या टोकाने वर उडवून मगच हातात घ्यावा लागतो. कंबरेतून वाकणे, चेंडूवरून अंग पुढे नेणे आणि त्याच झोकात धावत सुटणे दोन्हीकडे एकच आहे. डोक्यावरून येणारा चेंडू उंच उडी घेऊन पकडण्यासाठी मॅकार्थी प्रसिद्ध होता, आणि ती उडीही दोन्ही खेळांत त्याच्या उपयोगी पडत असे. आमच्या मुलीची खो-खोमधली झेपही काठी हातात असताना तशीच कामाला आली.

तक्रारी दोन आहेत. पहिली विक्रेत्याबद्दलची. हर्लीची लांबी इंचांत मोजतात आणि मी एक ३४ इंची व एक ३० इंची अशी स्पष्ट लेखी मागणी दिली होती. आल्या त्या दोन्ही ३४ इंची. विक्रेत्याने चूक मान्य केली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत, पण बदली काठी हातात पडेपर्यंत सहा आठवडे गेले आणि तोवर तेरा वर्षांच्या मुलांनी कमरेपेक्षा उंच काठीने सराव केला. परदेशी साहित्य मागवून देणाऱ्याने पेटी गिऱ्हाइकाला देण्याआधी मोजपट्टी लावून पाहणे ही मोठी अपेक्षा नव्हे. बाकी व्यवहारात तो चोख होता. सीमाशुल्काची पावती त्याने न मागता दिली आणि शाळेत साहित्य स्वतः आणून पोहोचवले.

दुसरी तक्रार हवेची आहे, पण खरेदी करणाऱ्याने ती आधीच लक्षात घ्यायला हवी. श्रावणात कृष्णा आयर्विन पुलाखाली फुगून वाहत असताना आमच्या साहित्याच्या खोलीतील भिंतींना ओल आली आणि मोठ्या हर्लीच्या रुंद टोकाला पट्टीच्या वर बारीक चीर गेली. तिच्यासोबत देखभालीची कोणतीही माहिती आलेली नव्हती. बॅटीला लावतो तसे जवसाचे तेल पहिल्या दिवसापासून पातळ हाताने लावले असते, तर बहुधा हे टळले असते. ती चीर मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिरांनी सरस भरून आणि दोन दिवस शिकंजात धरून सांधून दिली. लाकडाचे वळण पाहून ते बराच वेळ काठी हातातच घेऊन बसले होते. ती हर्ली आजही वापरात आहे.

सांगलीतल्या वाचकांना एक नाव येथे आठवेल. नंदू नाटेकर याच गावचे. १९५० च्या दशकाच्या आरंभी ते कनिष्ठ गटातील राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले होते आणि तेथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर त्यांनी बॅडमिंटनला वाहून घेतले. १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. एक खेळ निवडून त्यांनी जे मिळवले त्याबद्दल मनात आदरच आहे. परंतु त्यांनी ती निवड टेनिसमध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्यावर केली, तेराव्या वर्षी स्पर्धेचे वेळापत्रक जमत नाही म्हणून केली नाही, हे मला माझ्या सल्ल्याच्या संदर्भात फार बोचले.

आयर्लंडमध्येही आता मोठ्या पातळीवर दोन्ही खेळ खेळणारे विरळ झाले आहेत. सरावाचा भार वाढला आहे, दोन्ही संघांचे प्रशिक्षक खेळाडूचा सगळा वेळ मागतात आणि सामने एकाच शनिवार-रविवारी येतात. तरी महिलांच्या खेळात कॉर्कच्याच रीना बकली यांनी फुटबॉल आणि कमोगी, म्हणजे महिलांचे हर्लिंग, या दोन्हींत मिळून अखिल आयर्लंडची १८ पदके मिळवली आणि २०१२ मध्ये फुटबॉल व २०१७ मध्ये कमोगी अशा दोन्ही संघांचे विजयी नेतृत्व केले. त्यांची ही हकिकत मी वर्गात सांगितली तेव्हा आमच्या मुलीने विचारलेला एकमेव प्रश्न, सामने एकाच दिवशी आल्यावर त्या काय करत, हा होता. यंदा तिचे नाव मी दोन्ही खेळांच्या यादीत दिले आहे आणि तारखांबाबत आयोजकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे घेतले आहे.

शाळेसाठी कोणी असा संच घेणार असेल, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी ३० किंवा ३२ इंचांच्या हर्ली घ्याव्यात आणि चेंडू किमान सहा मागवावेत, कारण आमच्या चारांपैकी एक पहिल्याच महिन्यात कुंपणापलीकडच्या उसात गेला तो सापडलाच नाही. हर्लिंगमध्ये २०१० पासून शिरस्त्राण सक्तीचे आहे. आम्ही जाळी असलेली क्रिकेटची शिरस्त्राणे वापरतो आणि ती घातल्याशिवाय कोणालाही हर्लीला हात लावू देत नाही. पुढच्या मागणीत मी दोन ३२ इंची हर्ली लिहिल्या आहेत, आणि त्या मोजून घ्यायला या वेळी स्वतः दुकानात जाणार आहे.