दोन हजार वर्षांचं जहाज आणि आमचे एक लाख बारा हजार

आमच्या गडकिल्ल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जानेवारीत एक मेसेज आला. श्रीलंकेच्या समुद्रात दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज डायव्हिंग करून बघायचं, फक्त 8 मीटरवर, पोहता येत नसलं तरी चालेल, मे महिन्याच्या सुट्टीत पाच दिवस. पुढच्या रविवारी नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये माहितीचा कार्यक्रमही झाला. बोलणारा माणूस तिशीतला, अदबशीर, तयारीचा.

मी शाळेत इतिहास शिकवते. हंबनटोटाजवळच्या गोडवायाचं जहाज मला वाचून माहीत होतं, आणि नेमकी त्यामुळेच मी फसले. 2003 साली तिथल्या मच्छिमारांना ते सापडलं. त्यात काचेच्या लगडी मिळाल्या, नंदीपद आणि श्रीवत्स ही प्राचीन शुभचिन्हं कोरलेल्या दगडी वस्तू मिळाल्या, धान्य वाटायचे पाय असलेले पाटेही मिळाले. तशा धाटणीचे पाटे आपल्याकडे सातवाहन काळातल्या वस्त्यांत मिळतात. त्या माणसाने पडद्यावर हेच सगळं दाखवलं आणि मला वाटलं, याला विषय कळतो. ही माहिती कोणालाही वाचायला मिळते, हे त्या क्षणी सुचलं नाही.

माझे आणि अकरावीतल्या मुलीचे मिळून 90,000 रुपये आगाऊ भरले, तेही त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने. सिंहगड रस्त्यावरच्या एका तलावात दोन रविवार टाकी पाठीला बांधून सराव झाला आणि लगेच 'ओपन वॉटर डायव्हर' (डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र) असं छापलेलं प्लास्टिकचं कार्ड हातात आलं. मुलीने त्याच सुमारास जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आई, याला लोखंडी कठडा आहे, रिव्हेट दिसतायत. दोन हजार वर्षांपूर्वीचं कसं असेल?" मी तिला गप्प केलं. पैसे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलंय.

मार्चमध्ये 'पुरातत्त्व खात्याचा परवाना' म्हणून आणखी 22,000 मागितले. तेही दिले. पावती मागितली तर उद्या, परवा. तेव्हा तारकर्लीला डायव्हिंग शिकवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला.

"बाई, ते जहाज 8 मीटरवर नाहीच. तीस मीटरच्याही खाली आहे," तो म्हणाला. "खरं ओपन वॉटर कार्ड असतं तरी 18 मीटरपर्यंतच. आणि ते कार्ड नुसत्या तलावात मिळत नाही, समुद्रात चार डाइव्ह कराव्या लागतात. कार्डाचा नंबर ते कार्ड देणाऱ्या संस्थेच्या साइटवर घालून बघा." बघितला. असा नंबरच नव्हता. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याचा डायव्हिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मे महिन्यात तिथे पाणी खवळायला लागतं, हेही त्यानेच सांगितलं. फोटोबद्दल मुलगी बरोबर होती. उष्ण समुद्रात उघडं पडलेलं लाकूड पोखरणारे जीव खाऊन टाकतात. वाळूत किंवा गाळात गाडलेला भाग टिकतो, आणि टिकतात भांडी, दगड, धातू. उभ्या कठड्याचं 'प्राचीन' जहाज कोणी दाखवत असेल तर ते अलीकडचं लोखंडी आहे.

तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, टाकीतली हवा त्याच पटीत संपते, आणि घाबरून श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. दोन रविवारांच्या सरावावर माझ्या मुलीला ते कार्ड देणाऱ्या माणसाला मी माफ करणार नाही.

त्याचा फोन त्या आठवड्यातच बंद झाला. ऑफिस म्हणून दिलेला पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण शेवटचे पैसे देऊन तीन आठवडे उलटले होते, आणि खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात फिरवावा लागतो. आमच्या ग्रुपमधल्या आणखी चार कुटुंबांचे पैसे गेलेत. दोघांनी लाजेखातर तक्रारच केली नव्हती, आता आम्ही सगळे मिळून पाठपुरावा करतोय.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी मला नवी जाहिरात पाठवली. 'कोकणच्या समुद्रातलं शिवकालीन जहाज, फक्त 6 मीटरवर.' नाव वेगळं, नंबर वेगळा. फोटो तोच आहे: डावीकडे गंजलेला कठडा, त्यावर पिवळ्या फिन्सचा पाणबुड्या. तो फोटो कुठे दिसला तर पैसे पाठवू नका, मला कळवा.