इलॅस्टिका बँडचा पहिला अल्बम परत ऐकला: ढापलाय खरा, पण काय ढापलाय!

आमच्याकडे हा अल्बम आला तो टीडीकेच्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. दादाचा मित्र लंडनहून येताना सीडी घेऊन आलेला, दादाने ती एका रात्रीत कॅसेटवर उतरवून घेतली, आणि कॅसेट कोरी नव्हतीच, आईची होती, रेडिओवरून भरलेल्या भावगीतांची. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि अल्बम जेमतेम चाळीसचा, त्यामुळे शेवटचं 'स्टटर' संपलं की खट्ट असा आवाज यायचा आणि भावगीत मधल्याच कडव्यापासून सुरू व्हायचं. आईने ते ऐकलं तेव्हा घरात जे झालं ते जाऊ दे.

गेल्या आठवड्यात कितीतरी वर्षांनी सलग ऐकला, आधी लोकलमध्ये आणि मग रात्री घरी चांगल्या हेडफोनवर. घाबरत घाबरतच लावला, कारण ब्रिटपॉपमधलं, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार बँडांचं, बरंच काही आता ऐकवत नाही, ती पोरांची छाती काढून चाललेली 'आम्हीच भारी' टाइप बडबड सोळाव्या वर्षी ग्रेट वाटते, पंचेचाळिशीत दमायला होतं. हा मात्र टिकलाय. नुसता टिकलाय असं नाही, तेव्हापेक्षा जास्त आवडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: लंडनचा बँड, तीन बायका आणि एक ड्रमर. गाणारी जस्टिन फ्रिशमन, आर्किटेक्चर शिकलेली, आधी स्वेड नावाच्या बँडमध्ये होती, ड्रमर जस्टिन वेल्चही थोडे दिवस तिथेच होता. हो, दोघांचं नाव जस्टिन. गिटारवर डॉना मॅथ्यूज, बेसवर अॅनी हॉलंड. अल्बम आला मार्च १९९५ मध्ये आणि ब्रिटनमध्ये थेट नंबर एकला गेला, ओएसिस बँडच्या पहिल्या अल्बमनंतर इतका झटपट खपलेला डेब्यू हाच. कीबोर्डवर डॅन अॅब्नॉर्मल असं एक नाव छापलंय, तो म्हणजे ब्लर बँडचा गायक डेमन अल्बार्न, नावातली अक्षरं उलटीपालटी करून बघा. तेव्हा तो तिचा बॉयफ्रेंड.

आता चोरीचं बोलू, कारण इलॅस्टिकाचं नाव काढलं की कोणीतरी ते बोलणारच. 'कनेक्शन'ची सुरुवात ही वायर नावाच्या बँडच्या १९७७ मधल्या 'थ्री गर्ल ऱ्हुम्बा'ची, 'वेकिंग अप' ऐकताना स्ट्रॅंगलर्स बँडचं 'नो मोअर हीरोज' आठवलं नाही तर कान तपासून घ्या. दोन्हीकडून वकिलांची पत्रं आली, कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटवलं, 'वेकिंग अप'च्या क्रेडिटमध्ये स्ट्रॅंगलर्सची नावंही आली. दादा तेव्हाच म्हणायचा ही पोरगी ढापू आहे, आणि मी तिची बाजू घेऊन भांडायचो, माझ्याकडे मुद्दा काही नव्हता, ती आवडायची एवढंच.

मुद्दा आता सापडलाय. आपल्याकडच्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर सरळ छापलेलं असतं 'चाल: अमुक अमुक'. कुठली लावणी, कुठलं कानडी पद, कुठली पारशी थिएटरची चाल, कोणाला लाज नाही, लपवाछपवी नाही. लोक बघायचे की त्या चालीत तू नवीन काय बसवलंस. इलॅस्टिकाने कव्हरवर फक्त 'चाल: वायर' छापलं असतं तर सगळा प्रश्न मिटला असता. (वकिलांना पटलं नसतं म्हणा.)

कारण बसवलंय जबरदस्त. 'कनेक्शन'च घ्या. वायरकडे ती रिफ, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, गिटारवर आहे, कोरडी, इथे आधी ती सिंथेसायझरवर येते, बिघडलेल्या व्हिडिओ गेमसारखी कर्कश, मग कोणीतरी घशातून 'हं' करतं, वजन उचलताना हमाल करतो तसं, आणि मग गिटार आणि ड्रम एकदम अंगावर. सव्वादोन-अडीच मिनिटांत गाणं खल्लास. सोलो नाही, शेवटी उगाच ताणणं नाही. बहुतेक गाणी अशीच आहेत, सांगायचं ते सांगितलं की दार लावून घेतलं. आणि जस्टिनचा आवाज! गाते कमी, बोलते जास्त, समोरच्याला अजिबात भाव न देता, रिक्षावाल्याला 'मीटरने चला' म्हणावं तशी. हे तिने कोणाकडून ढापलेलं नाही.

'स्टटर'बद्दल कबुली द्यायची आहे. आमची समजूत अशी होती की गाण्यातला मुलगा बिचारा तोतरा आहे. आता शब्द नीट ऐकले. तोतरा नाहीये तो, दारू पिऊन आलाय आणि वेगळीच गोष्ट अडखळतेय. ती त्याला ज्या गारपणे विचारते की प्रॉब्लेम माझा आहे का तुझा, त्यावर लोकलमध्ये एकटाच हसलो, समोरच्या काकांनी पेपर खाली करून बघितलं.

सगळंच भारी नाहीये. मध्ये 'होल्ड मी नाऊ', 'एस.ओ.एफ.टी.'च्या आसपास अल्बम जरा बसतो, त्यातलं एखादं उडवलं असतं तर चाललं असतं. 'इंडियन साँग' तेव्हाही कळलं नव्हतं, आताही नाही, गुंगीतल्यासारखं आहे आणि नावापुरतंच इंडियन. पण शेवटाकडे 'नेव्हर हिअर' येतं, सगळ्यात लांब गाणं, संपत चाललेल्या नात्याबद्दल, आणि तिथे ती पहिल्यांदा आवाजातला तो ताठा थोडा सोडते. तेव्हा मी हे गाणं फॉरवर्ड करायचो. गाढव होतो.

पुढचा अल्बम यायला पाच वर्षं लागली, २००१ ला बँड संपला. जस्टिन पुढे अमेरिकेत जाऊन चित्रकार झाली. पण त्याआधी तिने माया नावाच्या श्रीलंकन तमिळ मैत्रिणीला स्वतःचं रोलंड कंपनीचं बीट बनवायचं मशीन वापरायला दिलं, आणि त्या मायाची झाली प्रसिद्ध रॅपर एम.आय.ए.! उसनं घेणारीने उसनं दिलं पण.

पाचपैकी साडेचार. अर्धा 'इंडियन साँग'चा कापला. ऐकताना शफल नको, क्रमाने ऐका, आणि ऑटोप्ले आधी बंद करा, नाहीतर 'स्टटर' संपल्या संपल्या अॅप ब्लर लावतं. एक्स बॉयफ्रेंडचा बँड! त्यापेक्षा आईचं अर्ध्यातून सुरू होणारं भावगीत बरं होतं.